मुकी गाडी

वड्यांचं पीठ दळून आणायचं होतं. काम एवढंच. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी, घरोघरी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, पहाटे वेशीवरच्या देवाला नैवेद्य. सत्यवानाच्या बायकोने, तुळसाने, दळणाची पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि सांगितलं, चौके गावच्या गिरणीवर जाऊन या.

हसतोस काय रे? भुताची गोष्ट म्हणजे पहिल्याच वाक्यात भूत हवं तुम्हां मुंबईकरांना. थांब जरा. आणि कंदिलाची वात कमी कर, किडे येतायत.

तारीख सांगतो, म्हणजे दाजी थापा मारतात असं मागाहून म्हणायला नको. एक डिसेंबर शहाऐंशी. सोमवार, आणि त्यात अमावास्या. तीन वर्षंही झाली नाहीत अजून. सत्यवान माझ्या शेजारचा, चौथ्या घरातला. सरकारी कचेरीत कारकून. माणूस हुशार, पण चार लोकांत मिरवायची भारी हौस. त्या हौसेपायी त्याने कोल्हापूरच्या एका कारखान्याच्या भंगारातून बॅटरीवर चालणारी व्हॅन आणली होती. कारखान्याच्या आवारात माल नेणारी गाडी ती, कधीच बंद पडलेली. पत्रा सडलेला, मोटर जळलेली, बॅटऱ्या मेलेल्या. ट्रकवर चढवून आणली आणि घरामागच्या मांगरात, म्हणजे गोठ्यासारख्या शेडमध्ये, उभी केली, तेव्हा अख्खी वाडी बघायला जमली. सत्यवान आम्हाला म्हणाला, "दाजीनू, बघीत रवा. पेट्रोलाचो थेंब नाय, आवाज नाय. मालवणच्या बाजारात हीच गाडी घेवन जातलंय."

जातलंय म्हणाला खरा, पण स्क्रूड्रायव्हर कुठून धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. काम केलं ते बाळाने. बाळा त्याचा लहानपणापासूनचा मित्र, जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचा धंदा करायचा. दिवसभर स्वतःचं काम आणि संध्याकाळी मांगरात ही गाडी. मोटर त्याने नव्याने भरली, पत्रा ठोकला, नव्या बॅटऱ्या आणून जोडल्या. एकेक बॅटरी अशी वजनदार की उचलायला दोघे लागत. पावसाळाभर तो राबला. दोघांची भागी ठरलेली, गाडी दोघांची.

गणपतीच्या आधी चार दिवस बाळा त्या मांगरात मेला.

सत्यवानाची आरोळी ऐकून आम्ही धावलो. बाळा गाडीखाली पडलेला, हात काळा झालेला. आणि अंगाला दारूचा भपकारा. सत्यवान रडत रडत सांगत होता, "घेवन इल्लो तो. मी सांगीत होतंय, वायरीक हात लावू नको." पोलीस आले, पंचनामा झाला. दारूच्या नशेत विजेचा धक्का. संपलं.

संपलं नाही ते जानकीच्या लेखी. जानकी म्हणजे बाळाची बायको. ती दारोदार सांगत फिरली, "माजो घोव दारवेक कधी शिवाक नाय. कोणीतरी खोटा बोलता." लोक मान डोलवायचे आणि ती गेली की हसायचे. तिच्या पोराला शाळेत 'बेवड्याचो झील' म्हणायला लागले. मला राग यायचा रे, अजून येतो. पण कोण बोलणार? पंचनामा कागदावर झाला होता.

गाडी मात्र तयार झाली. उरलंसुरलं काम सत्यवानाने कुडाळच्या एका माणसाकडून करून घेतलं. गाडी रस्त्यावर आणायची तर आमच्याकडे आधी वेशीवर नारळ आणि गाऱ्हाणं. घाडी देवापुढे मागणं मागतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. व्हय म्हटलं की ते मागणं तुमचंही झालं. ज्याला मागायचं नसेल त्याने गप्प राहायचं, एवढी सोय देवानेही ठेवलीय.

त्या दिवशी मी होतो. घाड्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ही सत्यवानाची गाडी तुज्या पायाकडे इली आसा. तिची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात जानकी पुढे आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. म्हणाली, "घाडीनू, माजापण एक मागणा आसा. ह्या गाडीखाली माजो घोव गेलो. ज्येच्या हातान गेलो, त्येका देवान माज्या समोर उभो करूक व्हयो."

सगळ्यांच्या माना सत्यवानाकडे वळल्या. आता तो गप्प राहिला असता तर लोक काय ते समजले असते. ते त्याला कळलं. त्याने छाती पुढे काढली. घाड्याला म्हणाला, "मागा मा! माका कसलो भंय?"

घाड्याने मागितलं. आणि सर्वांत मोठा आवाज सत्यवानाचा होता. "व्हय म्हाराजा!"

तर ती सोमवारची रात्र. गिरणीवर देवदिवाळीची गर्दी. त्याचा नंबर लागेपर्यंत काळोख पडला. पिठाची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून तो निघाला. ती गाडी चालायला लागली की आवाज नसे. पोरं तिला मुकी गाडी म्हणायची. रस्त्यावरचं कुत्रंही जागं व्हायचं नाही. चौके सुटलं. धामापूरच्या बाजूला झाडी दाट होते, तिथे वळणावर गाडी एकदम जड झाली. मागे कोणी चढलं की होते ना, तशी.

त्याने वळून पाहिलं. मागे काळोख.

थोडं पुढे गेल्यावर त्याला उगीच थंडी वाजली. स्वतःशीच पुटपुटला, "देवा, माका घराक पोचव."

मागून कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

एकच आवाज. हळू.

त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. चावी काढली. चावी हातात, आणि गाडी चालतेय. दिवे विझले होते. रस्ता दिसत नव्हता, पण गाडी वळणं बरोबर घेत होती. दाराची मूठ फिरवली, ती फिरेना.

"कोण... कोण रे?"

तोच आवाज, आता अगदी कानाशी. घाडी जसं मागणं घालतो तशा सुरात.

"बॅटऱ्यो भरूक लायनीवर चोरून आकडो टाकलंस रे म्हाराजा..."

सत्यवानाने ओठ आवळले. दात दातावर दाबले. तरी तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा."

"माजी हाक येयसर थांबाचा ठरलेला. थांबाक नाय."

"व्हय म्हाराजा."

"नोकरी जायत म्हणान आदी आकडो काढलंस. लपवलंस."

"व्हय म्हाराजा."

"तेवा माजो जीव होतो."

सत्यवानाने दोन्ही कान दाबून धरले.

"जीव होतो रे. मी तुज्याकडे बघी होतंय. डाक्टराकडे नेवच्या जाग्यार तू माज्या अंगार ओतूक दारू हाडूक गेलंस."

सत्यवान रडायला लागला. हात जोडले. बाळा, बाळा म्हणून हाका मारायचा प्रयत्न केला. तोंडातून निघालं ते एवढंच.

"व्हय म्हाराजा."

पुन्हा पहिल्यापासून. आकडो. हाक. जीव. दारू. रात्रभर.

पहाटे आम्ही नैवेद्याची पानं घेऊन वेशीवर गेलो तर गाडी देवासमोर उभी. सत्यवान आत, स्टिअरिंगला धरून. मला बघताच त्याने माझा हात पकडला आणि एका दमात सगळं सांगितलं. जे आत्ता तुम्हाला सांगितलं ते. आकडा, दारू, मागचा आवाज, सगळं. घाडी ऐकत होता, वाडी ऐकत होती. जानकी पुढेच उभी होती, नैवेद्याचं पान हातात घेऊन.

ती रडली नाही. मागे वळून लोकांना म्हणाली, "आयकलात मा सगळ्यांनी? आता माज्या झिलाक कोणी बेवड्याचो म्हणात तर तेची जीब ओढीन."

तुळसा धावत आली. नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारत राहिली. "माका वळाखतास मा?" "व्हय म्हाराजा." "घराक येतास?" "व्हय म्हाराजा." "बाळाक तुमी मारलास?" "व्हय म्हाराजा." ती कबुली दिल्यापासून त्याच्या तोंडून दुसरा शब्द नाही. अजून नाही. ओसरीवर बसलेला असतो. जाऊन विचारा काहीही. नाही, नकोच.

गाडी ढकलायची म्हणून कोणीतरी तिचा मागचा दरवाजा उघडला. आत एकही बॅटरी नव्हती. नुसत्या वायरी लोंबत होत्या.

मांगरात पाहिलं. तिथेही नाहीत.

मग मी जानकीला घरी सोडायला गेलो. पहाटे निघण्याआधी तिने देवदिवाळीचं म्हणून पुढचं खळं, म्हणजे अंगण, शेणाने सारवलं होतं, आणि ओल्यावर पाय पडू नये म्हणून ती मागीलदाराने बाहेर पडली होती. आम्ही पुढून आलो.

दाराशी, उंबऱ्याला लागून, सगळ्या बॅटऱ्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. मी मागीलदाराने आत गेलो, पुढचं दार उघडून उंबऱ्याच्या आतूनच वाकून हात लावला. गरम होत्या.

जानकी खळ्याकडे बघत होती. मीही बघितलं. सारवण अजून ओलं होतं. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही पाऊल नव्हतं.