तेवीस आठे

आमची पहिली भेट झाली माझ्या वडिलांच्या दुकानाच्या दारात. झाली म्हणजे काय, अडकलीच. शेगडीची नवी कॉइल हातात घेऊन मी बाहेर निघाले, तो आत शिरत होता आणि तारेचं टोक त्याच्या शर्टाच्या बटणात गुंतलं.

"हलू नका," मी म्हटलं. "बटण तुटलं तर चालेल, कॉइल ताणली गेली तर नाही."

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ.

"कारागीर आहेत का आत? पावाच्या बारा भट्ट्यांसाठी कॉइल हव्यात."

"कारागिराचाच हात तुमच्या बटणावर आहे."

वडिलांची नजर अधू झाल्यापासून दुकान मीच चालवत होते. शाळा चौथीपर्यंत, पण तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ. जुनी कॉइल बघून तशीच नवी वळायची, ही आमची रीत. एकही काम कधी परत आलं नव्हतं, आणि हे ऐकवल्याशिवाय मी कुणाला सोडत नसे.

तो बेकरीचा नवा वायरमन. भट्ट्या नव्या, त्यामुळे नमुन्याला जुनी कॉइल नव्हती. त्याने कागद पुढे ओढला. "दाब दोनशे तीस व्होल्ट, प्रवाह दहा अँपिअर. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध... तेवीस ओहम. दोघांचा गुणाकार केला की शक्ती... तेवीसशे वॉट."

"दोन वेढे जास्तच घालते. तार जास्त, तर ऊब जास्त."

"उलट आहे. तार वाढली की रोध वाढतो, प्रवाह घटतो, भट्टी थंड पडते."

मला तोंडावर 'उलट आहे' म्हणणारा हा पहिलाच! राग आला... पण दोन वेढे जास्त घालून मोजून पाहिलं, तर खरंच उलट होतं. ते वेढे निमूट काढून टाकले.

मग तो रोजच यायला लागला. कधी पक्कड विसरली म्हणून, कधी कागद.

"तुमचा रोध फार आहे हो," एकदा म्हणाला.

"तुमचाच दाब कमी पडत असेल."

तो गेल्यावर मी एकटीच हसत बसले. वडील म्हणाले, "आज कॉइल फार विनोदी दिसतेय!"

चाचणीचा दिवस आला. पहिल्या भट्टीची ही कॉइल कसोटीला उतरली, तर उरलेल्या अकरा आमच्या. नाहीतर सगळं काम मोठ्या कारखान्याला. बेकरीत मालक स्वतः उभे होते. बटण दाबलं... मीटरचा काटा आठ अँपिअरवर थांबला. पाव पांढरेफटक.

"तरी मी म्हणत होतो," मालक म्हणाले, "चौथी शिकलेल्या पोरीकडून भट्ट्या होत नसतात."

माझे कान तापले. दुकानाचं नाव माझ्या डोळ्यांदेखत बुडत होतं.

"कॉइलच्या दोन टोकांवर दाब किती, तो बघा," मी वायरमनला म्हटलं.

त्याने मीटर लावला. "एकशे चौऱ्याऐंशी."

"तेवीस आठे एकशे चौऱ्याऐंशी!" मी म्हटलं. "म्हणजे रोध तेवीसच आहे. माझी कॉइल बरोबर. आता मेन बोर्डावर बघा."

तिथे पुरते दोनशे तीस.

"मग मधले सेहेचाळीस व्होल्ट गेले कुठे?"

बोर्ड आणि भट्टीच्या मध्ये तारेचा एकच जोड होता... त्याने केलेला. मालकांना यातलं काही कळत नव्हतं. तो गप्प राहिला असता, तर सगळं माझ्यावर ढकललं गेलं असतं. मी त्याच्याकडे पाहिलं.

त्याने मेन स्विच बंद केला, जोडावरची डबी उघडली, जोडाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"जोड माझा आहे," तो मालकांना म्हणाला. "सैल राहिला. भट्टीची ऊब इथे जळत होती. यांच्या कामात खोट नाही."

जोड पक्का केला. काटा दहावर गेला, पाव तांबूस झाले.

"अकरा कॉइल हिच्याकडेच," मालक म्हणाले. "आणि तू प्रत्येक जोड हिला दाखवल्याशिवाय झाकण लावायचं नाहीस."

मी त्याच्या बोटावर गार पाण्याची धार धरली. "नोकरी गेली असती ना!"

"तुमची मान खाली गेलेली बघवली नसती," तो म्हणाला. "आणि... आणखी एक कबूल करायचंय. पक्कड मी कधीच विसरलो नव्हतो."

"ते माझ्या वडिलांनाही ठाऊक आहे."

"मग त्यांना विचारू?"

"आधी मला विचारा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"चूक सगळ्यांसमोर कबूल करता, मग हे विचारायला काय झालं?"

त्याने लग्नाचं विचारलं. नजर खाली गेली नाही. मी 'हो' म्हटलं ते असं खणखणीत, की मागे पीठ मळणाऱ्यांचे हात थांबले. असा माणूस मिळाल्यावर बाईने कुजबुजायचं कशाला?