उसवलेलं टोपरं

माझं बाळंतपण तुझ्याच हातून व्हायचं आहे, सलवा, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दिवा जरा मोठा कर. भित्री म्हणालीस तरी चालेल, मी आहेच.

तेव्हा मी मेकनेस शहरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. बाळंतपणं शिकायला आम्हाला दोन महिने ॲटलसच्या डोंगरात, एका छोट्या प्रसूतिगृहात धाडलं होतं. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या सकाळी मी चहात घालायला पुदिना आणायला बाजारात गेले आणि येताना निळ्या लोकरीचा गुंडा घेऊन आले. विणकामाचं मला वेडच होतं. कळा मोजत बसायचं आणि हात रिकामे ठेवायचे, हे मला जमायचंच नाही. आमच्या मुख्य सुईण लल्ला यामना यांनी मात्र दोनदा बजावलं होतं, "पुन्हा सुया दिसल्या तर अहवालात लिहीन, कामात लक्ष नाही. मग बस घरी मोजे विणत!" तो शेरा पडला की वर्ष वाया.

दुपारी बर्फ पडायला लागला आणि तूदाला आणलं. एकोणीस वर्षांची पहिलटकरीण. बरोबर सासू, हद्दा. या बाईने आल्या आल्या सुनेची वेणी सोडली, कमरेचा पट्टा सोडला, बुटांचे बंद सोडले, पडद्याची दोरीसुद्धा ठेवली नाही. लल्ला यामनांनी हसत पाठ फिरवून ॲप्रनची नाडी तिच्यापुढे केली. डोंगरात कळा सुरू झाल्या की खोलीत गाठ राहू देत नाहीत. गाठ असली की बाळाची वाट अडते म्हणतात.

"तुझ्याजवळ काही आहे का गं, पोरी?" हद्दाने मला विचारलं.

माझ्या खिशात अर्धवट टोपरं होतं, सुयांसकट. लल्ला यामना समोरच उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

टाके म्हणजे काही गाठी नव्हेत, अशी मी मनाची समजूत घातली. पण विणकामाचा पहिला टाका गाठ मारूनच घेतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

तीनपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग कळा थांबल्या. बाळाचे ठोके एकशे चाळीसवरून शंभरावर आले, मग नव्वदवर. खालून निघालेली रुग्णवाहिका घाटात बर्फात अडकली होती. तूदाचे ओठ पांढरे पडले. बाहेर दिवसाउजेडी इतकं शांत झालं होतं की शेगडीतलं लाकूड तडकलं तरी मी दचकत होते.

आणि मग माझ्या खिशात आवाज झाला. टक... टक... सुया एकमेकींवर वाजत होत्या, मी एका लयीत विणते तशा. मी खिसा घट्ट दाबून धरला. हाताखाली टोपरं वाढत होतं...

माझं अवसान गळालं. मी ते बाहेर काढून हद्दापुढे धरलं.

लल्ला यामना रागावल्या नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"उसव," हद्दा हळूच म्हणाली. "बघत काय बसलीस? उसव!"

मी सुया काढल्या आणि धागा ओढायला लागले. अर्ध्या टोपऱ्याला असून असून किती लोकर असणार? ती संपली. हातात टोपरं उरलं नाही. तरी धागा येतच राहिला. आता तो तूदाच्या पायांशी, पांघरुणाखालून येत होता. निळा रंग संपून करडा लागला, हाताने कातलेला, ओलसर. त्याला धुराचा आणि जुन्या रक्ताचा वास होता. मी ओढलं की पलीकडून कुणीतरी बेताने सैल सोडत होतं.

"थांबू नकोस..." लल्ला यामना पुटपुटल्या. त्यांचा कान बाळाच्या ठोक्यांकडे होता. "वाढतायत... ओढ!"

मग धागा एकदम तुटला. तूदा किंचाळली आणि दहा मिनिटांत मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. मी भिंतीला टेकून लहान पोरासारखी रडले.

तूदाने डोळे उघडले. "पायाशी बसलेल्या बाई गेल्या का?"

"मीच होते ना गं," हद्दा म्हणाली.

"तुम्ही उशाशी होतात, आई. त्या दुसऱ्या... गाठी सोडत होत्या. सगळ्या सोडल्या. एकच ठेवली." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "म्हणाल्या, ही खोटं बोलली. ही एक हिच्याजवळ राहू दे."

लल्ला यामनांनी माझ्या अहवालात काहीच वाईट लिहिलं नाही. मी मात्र पुन्हा विणायची सुई हातात धरली नाही.

मला सातवा लागला तेव्हापासून रोज सकाळी माझ्या केसांत एक गाठ सापडते. मोकळे सोडून झोपते, तरी. करडा धागा, पक्की मारलेली गाठ. मी ती कात्रीने कापून शेगडीत टाकते. जवळजवळ तीन महिने एकही सकाळ चुकली नाही.

आज सकाळी ती नव्हती. केस विंचरले, उशी झटकली, अंथरूण-पांघरूण उलटंपालटं केलं, अंगावरचा कपडा न् कपडा उसवून पाहिला. बाहेर तरी गाठ कुठेच सापडली नाही, सलवा... आणि कळा तर मघाशीच सुरू झाल्या आहेत.