पुढच्या खोलीतले इंजीन

सन २०२४ च्या मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, हिंगोली रेल्वे स्थानकाच्या फलाटावर, सिमेंटच्या एका बाकाशी करुणा खिल्लारे आणि रत्नपाल इंगोले यांची पहिली भेट झाली. ती सलोख्याची नव्हती.

मोंढ्याच्या बाजाराकडून येणाऱ्या वाऱ्याला वाळत्या हळदीचा वास होता. बाकावर ठेवलेल्या वीतभर लांबीच्या काळ्या इंजिनाचा फोटो काढण्यात करुणा गुंतली होती. मागे खरे रूळ दिसावेत म्हणून ती मोबाइल कधी तिरका धरी, कधी गुडघे टेकून खाली नेई. तेवढ्यात एक सावली इंजिनावर येऊन थांबली... आणि हलेना.

"जरा सरकता का? उजेड अडवून राहिले तुमी."

सावली सरकली. सावलीचा मालक मात्र खाली वाकला.

"हे धुराडं टॉर्चच्या टोपणाचं आहे," तो शांतपणे म्हणाला.

करुणाने मान वर केली. हेच वाक्य तिने आधी वाचले होते, अक्षरशः हेच. जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या एका संकेतस्थळावर तिने हे इंजीन विक्रीला मांडले होते, आणि तेथे वस्तूखाली कोणालाही प्रश्न विचारता येत. आर. इंगोले नावाचा कोणी गृहस्थ तिला सतत प्रश्न विचारत होता, आणि प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी 'महोदय' असे लिहीत होता.

"म्हंजे आर. इंगोले तुमीच?"

"व्हय. पण तुमाला कसं—"

"मीच ती महोदय."

रत्नपालचे कान लाल झाले. मुद्दा मात्र त्याने सोडला नाही. भूमी अभिलेख कार्यालयात तो भूकरमापक होता. दिवसभर लोकांच्या बांधांची मोजणी करायची आणि सायंकाळी भाड्याच्या खोलीत छोट्या आगगाड्या मांडून बसायचे, असा त्याचा क्रम. वस्तू जी आहे तीच तिला म्हणावे, एवढे त्याचे तत्त्वज्ञान.

"जाहिरातीतलं ते 'निजामकालीन, अतिदुर्मीळ' खोडा. चाकं दुसऱ्या खेळण्याची, धुराडं टॉर्चचं... अन् किंमत लाखाच्या वर?"

"आता आणखी वाढंल."

"काहून?"

"तुमी आक्षेप घेतला ना. दर आक्षेपाला किंमत वाढते. एवढं बारीक पाहता, अन् हे दिसलं न्हाई?"

ते त्याला दिसले होते. विक्रेता लोभी आहे, असा निष्कर्षही त्याने काढला होता. पलीकडे कोणी हसत असेल, हे मात्र त्याच्या मोजणीत आले नव्हते.

इतक्यात वाशिमकडे जाणारी गाडी आली, थांबली आणि सुटली. रत्नपाल जागचा हलला नाही.

"तुमची गाडी गेली," करुणा म्हणाली.

"मुद्दा राहिला होता."

ती हसली, आणि मग बाकाच्या एका टोकाला बसून तिने खरे कारण सांगितले. तिचे वडील अमृतराव याच स्थानकात नोकरीला होते, छोट्या लाईनच्या, म्हणजे मीटरगेजच्या, काळात. लाईन मोठी झाली, अमृतराव निवृत्त झाले, आणि गेलेली छोटी लाईन त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पुन्हा अंथरली. हे इंजीन म्हणजे एका साहेबांच्या मुलाचे मोडके खेळणे. ते अमृतरावांनी जमेल त्या सामानाने चालते केले. परंतु रूळ दारापासून खाटेपर्यंत पसरले, आणि आई जनकाबाई कातावली. 'पोरगी पाहायला येणारे पाहुणे काय रुळावर बसवू?' असे ती विचारी. अखेर करुणाने आईला शब्द दिला, इंजीन विकायला काढते म्हणून. तिने ते काढलेही. कोणी शहाणा माणूस देणार नाही अशा किमतीला.

"आईचा शब्द राहिला, बाबांचं इंजीन राहिलं."

"अन् पाहुणे?" रत्नपालने विचारले. हा प्रश्न त्याने इतका सहज विचारला की तो सहज नव्हता हे उघड झाले.

"ते बी येईनात. बसायला जागाच न्हाई." तिने ओढणीच्या टोकाने इंजिनावरची धूळ पुसली. त्याच्याकडे तिने पाहिले नाही... आणि पाहिले नाही हे त्याला कळावे, इतपत वेळ ती पाहत नव्हती.

या खोट्या विक्रीला रत्नपालने येथे आक्षेप घ्यायला हवा होता. तो त्याने घेतला नाही.

त्यानंतरही प्रश्न येत राहिले. फक्त त्यांचा सूर बदलला. 'महोदया, या इंजिनाचा आवाज कसा आहे?' खाली उत्तर येई, 'ऐकायचा असल्यास रविवारी फलाटावर यावे.' प्रत्येक प्रश्नागणिक किंमत वर सरके, आणि प्रत्येक रविवारी त्या बाकाची आणखी थोडी जागा रिकामी राही.

हे सारे जगाला वाचता येते, याचा मात्र दोघांनाही विसर पडला होता. पुण्यातील एका संग्राहकाने ते वाचले. ज्या वस्तूवर इतका वाद झडतो आणि जिची किंमत वाढतच जाते, ती खरोखरच दुर्मीळ असली पाहिजे, असा त्याने तर्क केला. एका गुरुवारी त्याने मागितल्या किमतीला इंजीन घेतले, आणि स्वतः मोटारीने ते न्यायला येतो असे कळवले.

त्याच दुपारी करुणा भूमी अभिलेख कार्यालयाच्या ओट्यावर आली. रत्नपालच्या हातात डब्यातली भाकरी तशीच राहिली.

"तुमचा आक्षेप पाहिजे. सगळ्यात कडक. असा लिवा की तो माणूस माघारी फिरंल."

त्याने सगळे ऐकून घेतले. मग डबा बाजूला ठेवला.

"मी लिहिलं तर तो आरोप होईल. तुमी लिहा. धुराडं कशाचं, चाकं कशाची, किंमत काहून लावली... सगळं."

"लोक मला खोटारडी म्हणतील."

"एक माणूस न्हाई म्हणणार."

"तो तर पहिल्या दिवसापासून म्हणून राहिला."

"मजकूर खोटा आहे म्हणालो मी. तुमाला कधी म्हणालो?" शब्द मोजून टाकण्याची सवय त्या क्षणी त्याच्या कामी आली नाही. "करुणा... मला इंजीन नको. त्याच्यासोबत येणारं माणूस रविवारचं दिसतं, ते रोज दिसलं तर—"

"हा प्रश्न तिथं विचारू नका. सगळे वाचतात."

"म्हणून तर इथं विचारून राहिलो."

त्याच्या डब्यातला भाकरीचा एक तुकडा तिने मोडून घेतला, आणि तो खात खात मोबाइलवर लिहायला बसली. लिहिले ते सारे खरे लिहिले.

संग्राहकाने 'फसवणूक' एवढाच शब्द पाठवून व्यवहार मोडला, आणि संकेतस्थळाने तिचे खाते बंद केले. त्यामुळे घरीही खरे सांगणे भाग पडले. जनकाबाई रागावली नाही; ते अधिक वाईट होते.

"म्हंजे विकायचंच नव्हतं तुला," एवढेच ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने बजावले, "रविवारी भंगारवाला येईल. त्याला देते."

रविवारी भंगारवाल्याच्या आधी रत्नपाल आला. त्याने 'जयभीम' केला, मी साखरा गावचा, मोजणी खात्यात आहे, असे सांगितले, आणि करुणाला मागणी घालायला एकटाच आलो, घरची माणसे पुढच्या वेळी येतील, हेही सरळ सांगून टाकले. जनकाबाई चहा ठेवायला आत गेली. अमृतरावांनी मुलाखत आपल्या पद्धतीने सुरू केली: इंजीन रुळावर ठेवून सोडले.

"धुराडं कसं वाटतं?"

आतल्या दाराशी उभ्या करुणाने डोळ्यांनी विनवले. रत्नपालला ते दिसले.

"टॉर्चचं आहे, काका," तो म्हणाला. "पण बसवलंय बराबर."

अमृतराव खोकला येईपर्यंत हसले.

जनकाबाई चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्याला बसवायचे कुठे, हा जुना प्रश्न तिच्या ओठांवरच होता. पण पाहुणा बसला होता. रुळांच्या वर्तुळाच्या मधोमध, फरशीवर, मांडी आवळून. तिने बशी पुढे केली, ती त्याने दोन्ही हातांनी घेतली. इंजीन खडखडत फिरून आले की तो न पाहताच गुडघा जरासा उचली, आणि ते गेले की अलगद खाली ठेवी. चहाचा थेंब सांडला नाही. करुणा दाराच्या चौकटीला टेकून ते पाहत होती... आणि जनकाबाई करुणाला पाहत होती.

बाहेर भंगारवाल्याची आरोळी आली. जनकाबाईने दार लोटून घेतले.

"याला जागा पुरली," ती अमृतरावांना म्हणाली. "इंजीन राहू द्या."