औषध टाकलं की टाकतो?

"मेले! सगळे मेले!" बागेच्या कुंपणावरून दीपेश ओरडला.

भूमिका आणि कुणाली धावत आल्या. चिकूच्या बागेतल्या सिमेंटच्या हौदात चार-पाच बेडूक पोट वर करून तरंगत होते. मे महिन्यात ओहोळ आटला, की गावातली गुरं संध्याकाळी ह्याच हौदावर पाणी प्यायला येत.

"काल तर टणाटण उड्या मारत होते! कायतरी गडबड हाय गो," कुणाली म्हणाली.

भूमिकेची नजर खांबावरच्या पाटीकडे गेली. बागेचे व्यवस्थापक कमळाकरकाका. त्यांना इंग्रजीची भारी हौस! सकाळीच त्यांनी खडूनं लिहिलं होतं, 'कोंडू पुट मेडिसिन इन टँक इन मॉर्निंग'. कोंडू म्हणजे बागेतला गडी.

दुपारी शेजारच्या सकूआजीनं विचारलं होतं, "काय लिवलंय गो?" आणि सातवीत इंग्रजीत पहिल्या आलेल्या भूमिकेनं ऐटीत सांगून टाकलं होतं, "कोंडू रोज सकाळी औषध टाकतो. पाणी साफ करायला! बिनधास्त पाजा गाईला."

"औषधानं बेडूक मरतात?" दीपेशनं विचारलं.

"फवारायचं असलं तर मरणारच!" कुणाली म्हणाली. "बाबा वांग्यांवर मारतात, ते पण औषधच ना?"

अरे देवा! कमळाकरकाकांनी फवारणीच्या औषधाचं सरळ मेडिसिन करून टाकलं होतं! आणि ते 'पुट'? कोंडू रोज टाकत असता, तर 'पुट्स' हवं होतं. शेवटचा एस कुठे होता? म्हणजे टाकतो नव्हे, टाकलं. आजच! बाईंनी हे शंभरदा घोकून घेतलं होतं. भूमिकेला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात मागे घंटा वाजली. सकूआजीची गाय! नऊ दिवसांपूर्वीच व्यायलेली!

"धावा!" भूमिका किंचाळली.

दीपेशनं दावं पकडलं, दोघी हौदापुढे हात पसरून उभ्या राहिल्या. तहानलेली गाय मुसंडी मारतच होती. गलका ऐकून कमळाकरकाका आले. मागून सकूआजी आणि पाण्याला निघालेल्या बायकाही जमल्या.

"कशाला बोंबलता रे? फवारणीसाठी थोडंसंच तर औषध कालवलंय. काय नाय होत!" काका खेकसले.

दीपेशनं दावं आजीच्या हातात दिलं आणि हौदावरचा तांब्या भरून काकांपुढे धरला. "मग तुमी प्या ना थोडंसं!"

काका तीन पावलं मागे सरले. "येडा झाला काय? विष हाय ते!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" कुणाली ओरडली. "मग पाटीवर विष का नाय लिवलंत? आणि इंग्रजीत कशाला?"

काकांचा चेहरा पडला, पण लगेच ते उसळले, "मुंबईचे शेठ येणार, म्हणून लिवली! पण इथं गुरांना पाजा, असं कोण बोललं? त्याचं नाव सांगा!"

भूमिकेचे कान तापले. आता आजी नाव घेणार! सगळ्या गावापुढे!

सकूआजीनं एकवार तिच्याकडे पाहिलं. "कोण नाय बोललं," ती शांतपणे म्हणाली. "माझंच चुकलं. मला कुठं वाचाय येतं?"

भूमिकेला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ज्या आजीची गाय तिनं मारायला काढली होती, तीच आजी तिला पाठीशी घालत होती! तिचे डोळे भरून आले.

"मी बोलले!" ती एकदम म्हणाली. "मला नीट कळलं नव्हतं, तरी मीच शहाणपणा केला. आजीचं काय नाय चुकलं!"

मग कमळाकरकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. "चूक माझीपण हाय. पाटी मीच लिवली," ते पुटपुटले आणि हौदाभोवती काटे लावायला त्यांनी कोंडूला हाक मारली.

"शाबास गो पोरी!" आजीनं भूमिकेला जवळ ओढलं. "तू तोंड उघडलंस, म्हणून त्याचं उघडलं."

बायकाही कौतुक करू लागल्या. पण भूमिकेला वर बघवेना. मान खाली घालूनच तिनं गाईचं दावं हातात घेतलं आणि ती तिला आजीच्या घरी पाणी पाजायला घेऊन गेली.