कराराच्या पाठीवरच्या ओळी

"दार ढकला, ओढू नका!" यागोदा आतून ओरडली. पण तोवर दाराची पितळी मूठ त्या माणसाच्या हातात आली होती.

बाहेर ऑगस्टअखेरचा पाऊस रिपरिपत होता. एका हातात मूठ, बगलेत प्लास्टिकची पिशवी, केसांतून पाणी निथळतंय... आणि चेहरा असा, की दाराची मूठ नाही, चर्चचा घुमटच पाडून आलाय!

"माफ करा हं... बसवून देतो. हत्यारं आहेत माझ्याकडे."

खरोखरच खिशातून त्यानं स्क्रू ड्रायव्हर काढला. "पियानो सुरात लावायचं काम करतो मी. तिमोन माझं नाव. गाडीचे कागद आणलेत."

आणि मूठ बसवता बसवता त्यानं मान वर करून असं काही हसून पाहिलं, की यागोदा हातातला कागद उलटा धरून वाचायला लागली.

तिची ही एका खोलीची कचेरी वाहन नोंदणीच्या कार्यालयासमोरच होती. गाव ओद्रा नदीच्या पोलिश काठावर. पूल ओलांडला की जर्मनी. तिकडून जुन्या गाड्या आणायच्या, हा गावाचा लाडका उद्योग. आणि गाडी कितीही चकचकीत असो, तिच्या जर्मन कागदांचं पोलिशमध्ये भाषांतर होऊन त्यावर यागोदाचा गोल शिक्का बसल्याशिवाय नंबरप्लेट मिळायची नाही. ती शपथ घेतलेली भाषांतरकार होती. शपथही साधीसुधी नव्हे! कागदावर जे दिसेल ते सगळं उतरवायचं. खाडाखोड, समासातली टीप, पाठीवरचा मजकूर, वाचता न येणारी सही. स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही की त्यातलं एक गाळायचं नाही. सहा वर्षांत तिनं ही शपथ एकदाही मोडली नव्हती, आणि याचा तिला अंमळ ताठाही होता.

पहिल्या दिवशी तिमोननं गाडीचं जुनं नोंदणीपत्र आणलं. दुसऱ्या दिवशी तपासणीचा दाखला. तिसऱ्या दिवशी फक्त एक पावती, आणि सोबत कागदात गुंडाळलेला खसखशीचा रोल.

"सगळे कागद एकदम आणता येत नाहीत का हो तुम्हाला?" यागोदानं डोळे बारीक करून विचारलं.

"येतात की. पण मग रोज यायचं कशाला... म्हणजे, कसं?"

"काम कधी होणार तुमचं अशानं? सोमवारपासून गाडी लागणार म्हणाला होतात ना?"

तेवढं मात्र खरं होतं. आसपासच्या खेड्यांतल्या चौदा संगीतशाळांचे पियानो लावायचं काम त्याला वर्षभरासाठी मिळालं होतं. आजवर तो बसनं हिंडून, उसनवारीच्या सायकलीवर पोट भरत आलेला. हे त्याचं पहिलं धड काम. अट एकच, सोमवारी सकाळी स्वतःच्या गाडीनं हजर. नाही तर दुसरा माणूस तयारच होता.

गुरुवारी तो विक्रीचा करार घेऊन आला. यागोदानं पुढची बाजू भराभर उतरवली, कागद उलटला... आणि थबकली. पाठीवर निळ्या शाईत, म्हातारपणच्या थरथरत्या अक्षरात चार ओळी होत्या. त्या तिनं दोनदा वाचल्या.

"तुमची बायको कुठे असते?" तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"कुठली बायको?"

"तुमची! इथे लिहिलंय. 'खरेदीदाराची बायको गाडीत बसून, आवडली म्हणून खाली सही करेल तेव्हाच ही विक्री पक्की. नाही आवडली तर गाडी परत घेईन.' खाली तुमचीही सही आहे."

तिमोनचा चेहरा खर्रकन उतरला. "मला जर्मन कुठे येतं? कर म्हणाल्या, केली सही." मग तो मान खाली घालून पुटपुटला, "एल्फ्रीडाबाई, गाडीच्या मालकीणबाई... त्यांच्या नवऱ्याची गाडी ती. एकट्या पोराला द्यायची नाही म्हणे. त्यांच्या पोलिश येणाऱ्या शेजाऱ्यानं मला विचारलं, लग्न झालंय का? मी गाडीकडे बघितलं... आणि हो म्हणालो."

यागोदाला इतकं हायसं वाटलं, की तिला स्वतःचाच राग आला.

"मागची बाजू सोडून द्या ना," तो अजीजीनं म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघितलंय."

"मग तुम्हीच करा सही. बायको म्हणून. चार अक्षरं तर आहेत..."

"तिमोन!" ती ताडकन उठली. "खोट्या सहीसाठी माझा शिक्का जाईल, कळतंय? आणि बायको म्हणून सही मागायची ही काय रीत झाली?"

तो लालबुंद झाला. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाला आणि भाषांतर घेऊन समोर गेला. खिडकीवरच्या लुत्सिनाबाई म्हणजे गेली वीस वर्षं चष्म्यावरून गावाला धाक दाखवणाऱ्या बाई. त्यांनी मागच्या बाजूचं भाषांतर वाचलं नि कागद परत सरकवला. विक्रीच पक्की नाही, तर गाडी तुमची कशी? मालकीणबाईंनी स्वतःच्या हातानं अट खोडून सही केली तरच. तेही उद्या, शुक्रवारी तीनच्या आत. त्यानंतर खिडकी थेट सोमवारी उघडणार.

तो पायरीवर पावसात बसून राहिलेला यागोदाला खिडकीतून दिसला. पाच मिनिटं तिनं दुर्लक्ष करून पाहिलं. मग छत्री घेऊन बाहेर गेली.

"उद्या सकाळची बस आहे पलीकडे जायला. दुभाषी म्हणून येते मी. पण खोटं बोलणार असाल तर पुलावरूनच परत फिरेन."

"एक शब्द खोटा बोलणार नाही," तो म्हणाला. "शपथ. तुमच्याइतकी मोठी नाही, पण शपथच."

एल्फ्रीडाबाईंच्या घरी ताज्या मनुकांचा केक नि काळी कॉफी होती. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पण नजर सुईसारखी. "हीच का बायको?" तिनं पहिल्याच वाक्यात विचारलं.

यागोदानं निमूटपणे भाषांतर केलं. दुभाष्याचा नियमच तसा. 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही, समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, आणि मध्ये आपली टिप्पणी करायची नाही.

तिमोननं घसा साफ केला. "मी खोटं बोललो. माझं लग्न झालेलं नाही."

"मी खोटं बोललो. माझं लग्न झालेलं नाही," यागोदानं जर्मनमध्ये सांगितलं.

"गाडी हवी होती, म्हणून बोललो. त्याची लाज वाटते."

तेही तिनं सांगितलं.

"पण... एक मुलगी आहे." तो तिच्याकडे न बघता कपाकडे बघत होता. "तिला भेटायला मिळावं म्हणून मी रोज एकेक कागद घेऊन गेलो. ती उलटा कागद धरून वाचते, तेव्हा मला... मला ती फार आवडते."

यागोदाचे कान तापले. एक अक्षर गाळायचं नाही. "एक मुलगी आहे," ती म्हणाली. "रोज एकेक कागद... मला ती..." ती अडखळली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडखळली. शेवटी डोळे मिटून म्हणाली, "मला ती फार आवडते."

एल्फ्रीडाबाईंनी केकचा आणखी एक तुकडा तिच्या बशीत वाढला. "माझ्या नवऱ्यानं, गुंटरनं मला न विचारता गाडी आणली होती. दोन वर्षं मी त्याच्याशेजारी बसले नाही. फुकट गेली ती दोन वर्षं. म्हणून घातली होती ती अट." मग चष्मा लावून त्यांनी पाठीवरच्या ओळी खोडल्या, खाली बराच वेळ काहीतरी लिहिलं, झोकात सही केली.

बसमध्ये यागोदानं तो मजकूर वाचला, आणि कागद फाईलमध्ये ठेवून फाईलवर बसली.

"काय लिहिलंय?" तिमोननं विचारलं.

"कामाचंच आहे. कचेरीत कळेल."

"मघाशी मी बोललो त्याचा राग आलाय का?"

"कामावर असताना मला राग येत नाही," ती म्हणाली, आणि खिडकीतून नदी बघत बसली. पाऊस थांबून पाण्यावर ऊन आलं होतं.

अडीच वाजता ती टाईप करायला बसली. पहिली तीन वाक्यं झाली. चौथ्यापाशी बोटं अडली. ही तीन वाक्यं गाळली तर? अट तर खोडलेली दिसतेच आहे, तिमोनला जर्मन येत नाही, लुत्सिनाबाईंनाही येत नाही. कुणालाही कळणार नाही. मनात असं आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. सहा वर्षं इतरांच्या कागदांवर मिरवलेला प्रामाणिकपणा नेमका आपल्यावर आला तेव्हा मोडायचा? तिनं ओठ आवळले, टाईप केलं आणि धाडकन शिक्का मारला.

पावणेतीन. दोघं रस्ता ओलांडून धावले. मागे रांगेत दहाबारा माणसं. लुत्सिनाबाईंनी चष्मा सारखा केला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'वरील अट मी मागे घेते. विक्री पक्की. मुलगा खोटं बोलला होता, पण स्वतः येऊन कबूल केलं. त्याचं बोलणं सांगताना दुभाषी मुलगी दोनदा अडखळली आणि कानापर्यंत लाल झाली. गाडी तिला आवडेल की नाही, देव जाणे. मुलगा आवडलेला आहे, हे आंधळीलाही दिसलं असतं.'"

रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. लुत्सिनाबाईंनी चष्म्यावरून आधी त्याला गप्प केलं, मग यागोदाकडे पाहिलं. "भाषांतर बरोबर आहे?"

"मुळाबरहुकूम आहे," यागोदा म्हणाली. कान पुन्हा तापले होते, पण मान ताठ होती.

"ते... ते त्यांनी लिहिलंय," तिमोन चाचरत म्हणाला. "पण तुमचं... तुमचं स्वतःचं काय म्हणणं?"

"सहा वर्षांत एकाही खोट्या कागदावर मी शिक्का मारलेला नाही," यागोदा म्हणाली. "आणि आज मारीन असं वाटलं तुला, तिमोन?"

मग भर कार्यालयात, अख्ख्या रांगेदेखत त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

लुत्सिनाबाईंनी खण उघडला, दोन नव्या कोऱ्या नंबरप्लेट काउंटरवर आपटल्या आणि नाक ओढत म्हणाल्या, "या घ्या, आणि पुढचं काय ते बाहेर जाऊन बोला. रांग मोठी आहे!"