हिर्शरोटच्या निशाणावरची काळी फीत

"ओढ्याचा काठही संपला, बाई," कुत्र्यांच्या पथकाचा प्रमुख फोनवर म्हणाला. "पहिल्या रात्रीच्या पावसानं वास धुऊन नेलाय. अंधार पडला की आम्ही थांबतो. आणि खरं सांगू? उद्या आलो तर माणूस शोधायला नाही येणार."

इन्स्पेक्टर डागमार ओलिगनं फोन खिशात टाकला आणि वर पाहिलं. हरवलेल्या सरपंचाची बायको रोझविता थाइस समोरच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"थांबवू नका त्यांना," रोझविता म्हणाली. "तो जिवंत आहे. मी तुमच्या पाया पडते."

डागमारनं नजर वळवली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तिनं अशी पुष्कळ माणसं पाहिली होती, पण त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची कला काही तिला साधली नव्हती. तिनं रोझविताला धरून सभागृहाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

हिर्शरोट म्हणजे हुन्सऱ्युकच्या डोंगरात, धुक्यात बुडालेलं दोनशे माणसांचं गाव. दुकान नाही, शाळा बंद, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. पण गावाचं चिन्ह असलेली ढाल मात्र राजाला शोभेल अशी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडं सांबर, पायाशी हिरवी टेकडी आणि टेकडीत खाणकामगाराचा काळा हातोडा. गावात पाहुणा आला की त्याला आधी ही ढाल दाखवायची आणि मग कॉफी विचारायची, अशी रीत.

आता ती ढाल जाणार होती. सरपंच आन्सगार थाइस परवा संध्याकाळी बसनं शहरात भावाकडे मुक्कामाला निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला करारावर सही करायची होती. हिर्शरोट खालच्या मोठ्या गावात विलीन होणार होतं आणि त्याबरोबर निशाण आणि ढाल इतिहासजमा. आन्सगार पायीच थांब्याकडे गेला, पण बसमध्ये चढलाच नाही. भावाला वाटलं, सकाळी थेट कचेरीत जाईल. बायकोला वाटलं, भावाकडे पोचला असेल. कचेरीतून फोन आला तेव्हा दुपार झाली होती.

त्यानंतर दोन रात्री गोठवणारी थंडी पडली होती.

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं," डागमार वर बघत म्हणाली. सभागृहाच्या दारावर, भिंतीला लागून आडव्या दांडीवर ढालीचं चित्र असलेलं गावाचं लांब, उभं निशाण लोंबत होतं. दांडीच्या डाव्या टोकाला एक काळी फीत होती. "ही कशाची?"

"गावात कोणी गेलं की बांधतात. हे निशाण दांडीवर घट्ट असतं, अर्ध्यावर उतरवता येत नाही, म्हणून फीत."

"कोण गेलंय?"

"कोणीच नाही. तुम्ही धरून ठेवलेल्या त्या कूनोचा चावटपणा आहे तो. गाव मेलं म्हणून सुतक." रोझविताचा आवाज एकदम फाटला. "काल सकाळी मी पाव आणायला निघाले तेव्हा फीत दिसली. मनात आलं, गेलं बिचारं कोणीतरी. घरी जाऊन मेणबत्तीसुद्धा लावली. आणि माझाच माणूस..."

डागमारनं वेळा जुळवून पाहिल्या. फीत सकाळी होती. सरपंच हरवल्याचं गावाला कळलं ते दुपारी.

"फीत आन्सगारसाठी असेल असं कोणालाच वाटलं नाही?"

"अहो, ती डावीकडे आहे. पुरुष गेला तर उजवीकडे आणि बाई गेली तर डावीकडे. आमच्या शाळेच्या मास्तरांनी निशाण रेखाटलं तेव्हाच हा नियम केला. गावात आजारी बाई कोणी नाही. म्हणून तर सगळे म्हणाले, थट्टा आहे."

"फीत ठेवतात कुठे?"

"आतल्या कपाटात. किल्ल्या तिघांकडे. आन्सगार, कूनो आणि मास्तर."

कूनो बास्ट कालपासून अग्निशमन दलाच्या खोलीत पहाऱ्यात बसला होता. गावसभेत, साऱ्या गावादेखत, "सही करणारा हात मोडून ठेवीन" असं तो आन्सगारला म्हणाला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्याची जुनी खोड. वरिष्ठांचा डागमारला निरोप होता की कूनोकडून कबुली काढ आणि प्रकरण मिटव.

"कुठे आहे आन्सगार?" तिनं आत शिरताच विचारलं.

"पुन्हा तेच? मला माहीत असतं तर मी इथे बसलो असतो का? सोडा मला, मी शोधतो. हे रान माझ्याइतकं कोणाला माहीत नाही." कूनोचे डोळे रडून सुजले होते. "आम्ही एका बाकावर बसून शिकलो, बाई. शिव्या मी त्याला बालवाडीपासून देतोय."

"फीत तू बांधलीस?"

"नाही."

"गाव म्हणतं तूच बांधलीस."

"गाव म्हणतं मी चर्चमधली वाइनही पितो. गावासाठी सुतक करायचं असतं तर फीत मधोमध बांधली असती. गाव काय बाई आहे, डावीकडे बांधायला?"

"आत्तापर्यंत फिती कोण बांधायचं?"

"आधी माझा बाप, मग मी. दुसरं कोणी शिडीवर चढतच नाही. मास्तर खाली उभे राहतात आणि चुका काढतात."

"कसल्या चुका?"

"त्यांना काय, कशातही दिसते चूक. आम्ही ऐकणं सोडून दिलं."

डागमार बाहेर पडली तेव्हा सूर्य पाइनच्या शेंड्यांना टेकला होता. ती जवळजवळ धावतच मास्तरांच्या घरी गेली.

एकबर्ट लोरशाइड या निवृत्त शिक्षकाला अख्खं गाव मास्तर म्हणे. गावाला पूर्वी चिन्हच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी मास्तरांनी जुने दगड, जुने शिक्के धुंडाळून ही ढाल रेखाटली आणि सरकारदरबारी मंजूर करून आणली. त्यांनी लग्न केलं नाही. घरात भिंतभर आजूबाजूच्या गावांच्या ढाली टांगलेल्या होत्या. टेबलावर कॉफी निवत होती आणि शेजारी किल्ल्यांचा भला मोठा जुडगा पडला होता.

"एवढ्या किल्ल्या?" डागमारनं विचारलं.

"गावाला इतिहासाशी घेणंदेणं नाही, त्यामुळे इतिहासाची कुलपं माझ्या गळ्यात. घंटाघर, सभागृहाचं कपाट, वरची बंद खाण. पूर्वी पोरांना न्यायचो दाखवायला."

"तुमची ढाल सुंदर आहे. ते डावीकडे तोंड केलेलं सांबर..."

"उजवीकडे." मास्तरांनी तिला बोलूच दिलं नाही. "ढाल धरणारा माणूस ढालीच्या मागे उभा असतो, बाई. त्याची उजवी ती ढालीची उजवी. बघणाऱ्याला ती डावी दिसते, हा बघणाऱ्याचा दोष."

"असं होय. आणि फीत कोणी बांधली?"

"कूनोनं. दुसरं कोण असला पोरकटपणा करणार?"

"आन्सगार तुम्हाला शेवटचा कधी भेटला?"

"गावसभेत." मास्तरांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "चांगला विद्यार्थी होता."

डागमार दारापर्यंत जाऊन थबकली. होता? तिनं तो शब्द टिपला. पण त्याचा काय उपयोग? निम्मं गाव आता होता म्हणू लागलं होतं. ढालीची उजवी, बघणाऱ्याची डावी. ती परत सभागृहासमोर आली आणि फितीकडे टक लावून पाहू लागली. मग तिनं शिपायाला हाक मारली.

"कूनोला इकडे आण. मास्तरांना सांग, जुन्या रीतीबद्दल थोडं विचारायचंय. आणि अग्निशमनवाल्यांना म्हणावं, दोर आणि स्ट्रेचर घेऊन तयार राहा."

"कुठे जायचंय?"

"ते अजून मला माहीत नाही," डागमार म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दहा-पंधरा माणसं जमली. रोझविता भिंतीला टेकून उभी होती. डागमारनं कपाटातून दुसरी फीत आणून कूनोच्या हातात दिली.

"समज, गावातला एक पुरुष गेलाय. रीतीप्रमाणे बांध."

"हे काय चालवलंय तुम्ही? बायको इथे उभी आहे त्याची."

"बांध, कूनो," रोझविताच म्हणाली.

कूनो शिव्या पुटपुटत शिडीवर चढला. त्यानं आपल्या उजव्या हाताकडच्या टोकाला फीत लावली आणि पहिली गाठ मारली.

"चुकीची बाजू," मास्तर म्हणाले.

सगळे वळून त्यांच्याकडे बघू लागले. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. तोंडून शब्द निसटून गेला होता.

"मग बरोबर बाजू कोणती, मास्तर?" डागमारनं हळूच विचारलं.

मास्तर एक पाऊल मागे सरकले.

"मी सांगते. पुरुषासाठी उजवी, हा नियम तुमचा. पण उजवी म्हणजे ढालीची उजवी. गावानं चाळीस वर्षं ती उलटी बांधली आणि तुम्ही खाली उभं राहून ओरडत राहिलात. कूनोनं फीत लावली असती तर ती आत्ता लावली तिथे लागली असती, नाहीतर थट्टा म्हणून मधोमध. डावीकडे बांधलेली ही फीत बाईसाठी नाही आणि गावासाठीही नाही. ती एका पुरुषासाठी, अगदी तुमच्या नियमाप्रमाणे बांधलेली आहे. असं बांधणारा माणूस या गावात एकच आहे."

"थट्टाच ती," मास्तर पुटपुटले. "माझीच थट्टा म्हणा."

"थट्टा असती तर दुपारी सरपंच हरवल्याचं कळताच तुम्ही तसं सांगितलं असतं. तुम्ही कूनोचं नाव घेतलंत. कपाटाची किल्ली तिघांकडे. त्यातला एक हरवला आणि दुसरा चुकीच्या बाजूला बांधतो. सकाळी, रोझविता पाव आणायला निघायच्या आत, आन्सगार गेला हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. आणि आमच्या पथकानं सगळं रान पालथं घातलं, फक्त एक जागा सोडून. तिच्या जाळीला कुलूप होतं, म्हणून ते पुढे गेले. त्या कुलपाची किल्ली मी तुमच्या टेबलावर पाहिली."

"खाण," कूनो शिडीवरूनच म्हणाला.

रोझविता मास्तरांसमोर आली. तिनं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. "मास्तर, मीही तुमच्याच वर्गात होते. कुठे आहे तो?"

मास्तर खाली बघत बोलू लागले. "थांब्यावर भेटला. म्हटलं, सही करण्याआधी एकदा चल. खाणीतल्या दगडावर ते जुनं सांबर कोरलेलं आहे, त्यावरून मी ढाल काढली. ते बघ आणि मग सही कर. तो आला. त्यानं कंदिलाच्या उजेडात बघितलं आणि म्हणाला, मास्तर, चित्र सुंदर आहे, पण पोरं चित्रात शिकत नाहीत, त्यांना शाळेची बस पाहिजे." त्यांनी डोळे पुसले. "माझं आयुष्य त्याला चित्र वाटलं. मी ढकललं. मागे विहिरीसारखा खड्डा आहे, ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही, देवाशपथ. मी हाका मारल्या. तो बोलला नाही. गेला होता तो."

"खाली उतरून पाहिलंत?"

"अंधार होता."

"आणि जाळीला कुलूप लावलंत."

"गावाचा सरपंच तो. त्याला फितीशिवाय कसा जाऊ देणार होतो मी?"

पुढचं ऐकायला कोणी थांबलं नाही. कूनोनं शिडीवरून उडी टाकली, मास्तरांच्या कोटातून जुडगा ओढून घेतला आणि पळत सुटला. त्याच्यामागून अग्निशमनवाले धावले, आणि रोझविताही. त्या चढावर तिला कोणी मागे टाकू शकलं नाही.

खाणीत पाटीच्या दगडाचा ओला वास भरला होता. कूनोनं खड्ड्यात बॅटरी मारली. तळाशी, दगडांच्या ढिगावर आन्सगारचा करडा कोट दिसत होता. रोझविता काठावर पालथी पडून हाका मारू लागली. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. खाली काहीही हललं नाही. एका जवानानं टोपी काढली, तेव्हा कूनोनं त्याला शिवी हासडली, कमरेला दोर बांधला आणि तो खाली उतरला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून कूनोचं रडणं ऐकू आलं. डागमारनं डोळे मिटून घेतले.

"श्वास चालतोय," कूनो खालून ओरडला. "मांडी मोडलीय, अंग बर्फ झालंय, पण चालतोय."

आन्सगारला वर आणलं तेव्हा त्याच्या मुठीत दगडाचा तुकडा होता. तो हातोड्यासारखा भिंतीवर आपटून आपटून त्याची बोटं सोलवटली होती. रोझवितानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे ओठ हलले, तशी तिनं कान लावला.

"काय म्हणतोय?" डागमारनं विचारलं.

"म्हणतोय, सकाळपर्यंत हाका मारत होतो." रोझविता मान वर न करता म्हणाली. "मास्तर, मास्तर म्हणून."

खाणीच्या तोंडाशी शिपायानं मास्तरांना धरून उभं केलं होतं. स्ट्रेचर पुढून गेलं. पांघरुणाबाहेर आलेला तो सोललेला हात हलला, आणि मास्तर मटकन खाली बसले.

"गेला नव्हता?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "गेला नव्हता तो?"

"नाही," डागमार म्हणाली. "खड्ड्यात माणूस पडला की कोणीही आधी दोर आणतो, मास्तर. तुम्ही फीत आणलीत."

रुग्णवाहिका सभागृहावरून उतरू लागली, तेव्हा कूनो पुन्हा शिडीवर होता. आपली अर्धी गाठ त्यानं एका झटक्यात सोडवली. दुसऱ्या टोकाची मास्तरांची गाठ मात्र नीट, घट्ट मारलेली होती. ती काही केल्या सुटेना. त्यानं खिशातून चाकू काढला आणि कापून टाकली.