दोन खोकी आणि हरवलेला गारेगारवाला

एक स्पीकर वाजवला की ढोल असा धडधडायचा, की खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्याच्या जोडीला दुसरा स्पीकर चालू केला, की ढोल गायब! उरायची ती नुसती ताशाची तडतड. एकाला दुसऱ्याची जोड मिळाली तर बळ वाढायला हवं की नाही? इथं उलटंच चाललं होतं. दोन बैल जुंपले आणि गाडी जागची हलेना, असला प्रकार.

बार्शीच्या विद्यार्थिनी वसतिगृहातली आठवीतली दुर्वा मंडपे डोक्याला हात लावून हॉलच्या मधोमध बसली होती. शनिवारची दुपार होती, आणि संध्याकाळी याच हॉलमध्ये स्नेहसंमेलन होतं.

गोष्ट आहे २०५८ सालची. तोवर एकत्र बसून काही बघण्या-ऐकण्याची पद्धत जवळजवळ मोडीत निघाली होती. ज्यानं त्यानं आपापला चित्रचष्मा डोळ्यांवर चढवायचा, कानमणी (कानात बसवायचा वाटाण्याएवढा स्पीकर) कानात घालायचा आणि आपापल्या कोपऱ्यात आपापला सिनेमा पाहायचा. एक मुलगी आत्ता हसायची, दुसरी तिच्या शेजारी बसून तासाभरानं त्याच विनोदाला हसायची. वेडी माणसं परवडली!

पण दुर्वाची मैत्रीण नसीमा हिला ते मंजूर नव्हतं. नसीमाला जन्मापासून दिसत नाही. तिनं सुट्टीत नळदुर्गला घरी जाऊन एक सिनेमा केला होता, ज्यात चित्रच नव्हतं. ‘आमची गल्ली’ हे त्याचं नाव. गल्लीतली सकाळ, नळावरचं भांडण, घंटी वाजवत बर्फाच्या कांड्या विकणारा गारेगारवाला आणि शेवटी ढोल-ताशा वाजवत येणारी वरात, हे सगळं तिनं दोन मायक्रोफोन लावून टिपलं होतं.

"सगळ्याजणी कानमण्यांवर ऐकतील की," अधीक्षक देवधरबाई म्हणाल्या होत्या.

"नको बाई," नसीमा म्हणाली, "मला तुमचे चेहरे दिसत नाहीत. तुम्ही सगळ्या एकदमच दचकलात, एकदमच हसलात, तर मला ते ऐकू येईल. मगच मला कळेल ना, तुम्ही माझ्या गल्लीत आलात की नाही ते!"

बाई विरघळल्या. पण संध्याकाळपर्यंत यंत्रणा धड वाजली नाही, तर कानमणी वाटणार, असंही त्यांनी बजावलं. आणि दुर्वानं तर छाती ठोकून सांगून टाकलं होतं, "नसीमा, होम थिएटर मी बांधते!"

नवं विकत घ्यायचं तर विद्यार्थ्यांच्या खिशाला ते कुठलं झेपणार? पण दुर्वाच्या बाबांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. लोक कार्यक्रमांतही कानमणी वापरू लागल्यापासून त्यांच्या गोदामात मोठाली स्पीकरची खोकी धूळ खात पडली होती. त्यातली एकसारखी दोन तिनं पुढं ठेवायला आणली. मागच्या कोपऱ्यांसाठी भंगारातल्या टीव्हीचे दोन छोटे स्पीकर काढले. वायर मंडपाच्या दिव्यांच्या माळांची. फक्त ध्वनिवर्धक (आवाजाच्या दुबळ्या विद्युत संकेताला बळ देणारं यंत्र) तेवढं खाऊच्या पैशांतून, तेही जुन्या बाजारातलं.

आणि आता हे असं.

"ध्वनिवर्धकच मरतुकडा निघाला," दुर्वा करवादली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" दारातून आवाज आला.

टोपाजी आजोबा आले होते. हे आजोबा म्हणजे एक यंत्रमानव. पुण्याच्या एका ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेत आयुष्य काढून ते निवृत्त झाले आणि मुलींना विज्ञान शिकवायला या वसतिगृहात आले. त्यांचं डोकं हुबेहूब उपड्या टोपासारखं असल्यामुळे मुलींनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं करून टाकलं होतं. स्वभाव प्रेमळ, पण खोड एकच. सरळ उत्तर म्हणून कधी द्यायचे नाहीत.

"आणि भिंतींवर हे अंड्यांचे ट्रे कशाला गं? आमलेट करायचंय?"

"आवाज घुमू नये म्हणून. सगळे तसंच करतात."

"सगळे करतात, आणि सगळ्यांचे घुमतात. पातळ पुठ्ठा आवाज काय पिणार? चार जाड गोधड्या टांग. ते राहू दे, मूळ दुखणं सांग."

दुर्वानं ढोलाचं रडगाणं सांगितलं. मग शेजारी बसलेली नसीमा म्हणाली, "आजोबा, माझं दुखणं वेगळंच आहे. गारेगारवाला डावीकडून येतो, तो मला नीट कळतो. उजवीकडं जातो, तेही कळतं. पण मधे आला की तो कुठंच नसतो! घंटी ऐकू येते, पण माणूस हरवतो. जणू माझ्या डोक्याच्या आतच घंटी वाजतेय."

टोपाजींच्या डोळ्यांचे दिवे लुकलुकले. "वा! आता सांग, आवाज कुठून आला हे तू एरवी कसं ओळखतेस?"

"सोपं आहे. टाळी डावीकडं वाजली तर डाव्या कानाला आधी आणि जोरात ऐकू येते. उजव्याला किंचित मागून. समोर वाजली तर दोघांना एकदमच."

"शाबास! म्हणजे दोन स्पीकरांनी एकच आवाज एकाच वेळी दिला, तर दोन्ही कानांना तो एकदम मिळेल, आणि मेंदू म्हणेल, आवाज मधून आला. मधे तर काहीच नाही! याला म्हणतात आभासी उगम (जिथं काही नाही, तिथून आवाज येतोय असं वाटणं). सगळं होम थिएटर या एका फसवणुकीवर उभं असतं. आता तुमच्याकडं मेंदू फसत का नाहीये? चला, स्वयंपाकघरात."

आचारीमावशींची कणीक मळायची मोठी परात टोपाजींनी पाण्यानं भरली. दुर्वाच्या दोन्ही हातांत एकेक पळी दिली. "दोन्ही पळ्या दोन बाजूंना पाण्यात ठेव. एकदमच दाब, एकदमच उचल. नसीमा, तू मधोमध बोट धर."

"लाटा येतायत," नसीमा म्हणाली. "मोठ्या! एका पळीपेक्षा मोठ्या."

"बरोबर. दोन चढ एकदम आले की मोठा चढ होतो. आवाजाचंही तेच. स्पीकरचा कागदी पडदा पुढं येतो तेव्हा हवा दाबली जाते, मागं जातो तेव्हा सैल पडते. ही दाबाची आणि सैलपणाची लाट पसरत जाते, ती ध्वनिलहर. आता दुर्वा, एक पळी दाबशील तेव्हा दुसरी उचल."

दुर्वाला ते जमेना. दोन्ही हात एकदमच खाली जायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ताल सापडला. पाणी दोन्ही बाजूंना डुचमळत होतं.

"आता?" टोपाजींनी विचारलं.

नसीमानं बोट कडेला नेऊन पुन्हा मधे आणलं. मग तिचा आवाज एकदम चढला. "मधे काहीच नाही! कडेला इतकी खळबळ, आणि माझ्या बोटापाशी पाणी गप्प. अगं दुर्वा, हाच तो! गारेगारवाला इथंच हरवतो!"

"एकाचा चढ आला तेव्हा दुसऱ्याचा उतार आला, आणि दोघांनी एकमेकांना खाऊन टाकलं," टोपाजी म्हणाले. "दोन लाटा मिसळून अशा वाढतात किंवा विझतात, त्याला व्यतिकरण म्हणतात. आणि लाट आपल्या चढउताराच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे, त्याला म्हणतात कला. तुमच्या दोन्ही खोक्यांच्या लाटा विरुद्ध कलेत आहेत."

"पण मग ताशा का नाही मरत?" दुर्वानं लगेच पकडलं.

"हा प्रश्न मला आवडला! ढोलाची एक लाट पाच-सहा मीटर लांब असते. एवढी लांब, की दोन्ही खोक्यांतून निघालेल्या लाटा जवळपास सगळ्या हॉलभर एकमेकींसमोर चढ-उतार घेऊनच उभ्या राहतात. ताशाच्या लाटा वीतभर. त्या भिंतींवर आपटत, कुठं जुळत, कुठं चुकत वाट काढतात. थोड्या मरतात, पुष्कळ उरतात. आणि मेंदूचं म्हणाल, तर एक खोका सांगतो ‘हवा दाबली’, दुसरा सांगतो ‘सैल सोडली’. बिचारा गोंधळून जातो, आणि गारेगारवाल्याला उभं करायला त्याला जागाच सापडत नाही."

"पण मी दोन्ही खोकी अगदी सारखी जोडलीत!" दुर्वा उसळली. "शपथ!"

"सारखी म्हणजे कशी, ते दाखव बरं."

हॉलमध्ये येऊन दुर्वानं खोक्यांच्या पाठी दाखवल्या. प्रत्येक पाठीवर दोन पितळी स्क्रू होते. त्यांच्याजवळच्या अधिक-उण्याच्या खुणा केव्हाच पुसून गेल्या होत्या. तिनं डाव्या खोक्याच्या बाहेरच्या स्क्रूला लाल वायर लावली होती आणि उजव्या खोक्याच्याही बाहेरच्याच. दोन्ही काळ्या आतल्या बाजूला. दिसायला असं देखणं, की फोटो काढावा.

"बाबा म्हणतात, मंडपात डावीकडं जे असेल ते उजवीकडं आरशात दिसल्यासारखं हवं," ती म्हणाली. "झालर असो, समई असो. मी लहानपणापासून तसंच बांधते."

टोपाजींनी पोटाच्या खणातून टॉर्चचा सेल काढला. "ध्वनिवर्धकापासून वायरी सोडव. मग लाल वायर सेलच्या अधिक टोकाला, काळी उण्या टोकाला. क्षणभरच टेकवायची हं. नसीमा, पडद्यावर हलकेच बोट ठेव."

डाव्या खोक्याला सेल टेकवला. टप्प!

"आत गेला," नसीमा म्हणाली.

उजव्या खोक्याला टेकवला. टप्प!

"बाहेर आला!"

दुर्वा बघतच राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळपासून ती ध्वनिवर्धकाला शिव्या घालत होती, अंड्यांचे ट्रे चिकटवत होती, आणि घोटाळा तिच्याच हातांनी, तोही इतका नीटनेटका, करून ठेवला होता.

"चपलांचा जोड आरशातला असतो," टोपाजी म्हणाले. "डावी वेगळी, उजवी वेगळी. पण ही खोकी म्हणजे दोन वाट्या. एकाच साच्यातल्या. दोघांचा अधिक स्क्रू एकाच हाताला आहे, आणि तू एकीला वायरी उलट्या लावल्यास."

दुर्वाला आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. "बाबांना सांगू नका हं आजोबा," असं म्हणत तिनं डाव्या खोक्याच्या वायरी सोडवल्या, लाल आत घेतली आणि काळी बाहेर. आता ते मुळीच देखणं दिसत नव्हतं. मंडपवाल्याच्या लेकीला बघवेना इतकं वेडंवाकडं. पुन्हा सेल टेकवला. दोन्ही पडदे बाहेर आले. मागच्या छोट्या स्पीकरांवरच्या खुणा शाबूत होत्या, तरी तिनं तेही तपासून घेतले. मग वायरी ध्वनिवर्धकात खोचल्या आणि वरात लावली.

धाडधाड ढोल वाजला आणि दुर्वाच्या छातीत जाऊन बसला. आचारीमावशी लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "कुणाचं लगीन निघालं गं बायांनो?"

संध्याकाळी हॉल भरला. भिंतींवर मुलींच्या घरच्या गोधड्या टांगल्या होत्या. देवधरबाईंनी कानमण्यांचा डबा मांडीवर घेतला होता, वेळ पडली तर असावा म्हणून. दिवे मालवले. नसीमा दुर्वाशेजारी तिचा हात धरून बसली होती.

"हसल्या नाहीत तर?" ती कुजबुजली.

"ऐक तर खरं."

मागच्या कोपऱ्यांतून कोंबडं आरवलं. नळावर भांडण जुंपलं आणि कुणीतरी फिदकन हसलं. मग डावीकडून घंटी आली. किणकिण, किणकिण. तिच्याबरोबर खुर्च्या करकरल्या, कारण सगळ्या मुली एकदमच डावीकडं वळल्या होत्या. घंटी सरकत सरकत मधे आली, जिथं ना खोका होता ना वायर, नुसती मोकळी फरशी होती. आणि तिथं गारेगारवाला उभा राहिला. अगदी समोर. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि आरोळी ठोकली.

"मला एक नारंगी!" पहिल्या रांगेतली पाचवीतली चिमी भान विसरून ओरडली.

सगळा हॉल हसला. एकदम. एकाच क्षणाला, ऐंशी गळ्यांनी.

नसीमानं दुर्वाचा हात गच्च दाबला. "आल्या," ती म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती. "सगळ्या आल्या गं माझ्या गल्लीत."

वरात येऊन गेली, टाळ्या झाल्या. देवधरबाईंनी कानमण्यांचा डबा खुर्चीखाली सरकवला आणि सगळ्यांच्या आधी ओरडल्या, "पुन्हा लाव!" मग अख्खा हॉल ओरडला, "पुन्हा! पुन्हा!"

त्या गोंगाटात नसीमा दुर्वाच्या कानाशी लागली. "ए, आमच्या गल्लीवरून पारवे उडत जातात. ते मला सगळ्यांच्या डोक्यावरून न्यायचेत. वरून आवाज आणता येईल?"

दुर्वानं टोपाजींकडं पाहिलं. त्यांनी नेहमीप्रमाणे सरळ उत्तर न देता मान वर करून छताकडं पाहिलं. मग तीही बघू लागली. छत उंच होतं, मजबूत होतं, आणि त्याला स्पीकर टांगून पारवे उडवायला पुरेल एवढी जागा होती.

"येईल," दुर्वा म्हणाली.